‘नॉट कॉन्फिगर्ड’ म्हणजे बंद नव्हे: पॉलिसीने अडवलेला प्रोग्राम सोडवताना

विंडोजवर चांगला, खात्रीचा प्रोग्राम उघडायला जावं आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटरने हे ॲप ब्लॉक केलं आहे’ असा मेसेज यावा. सपोर्टमध्ये नवीन असलेला माणूस अशा वेळी पहिल्यांदा अँटीव्हायरस बंद करतो. कृपा करून तसं करू नका. अडवणारी पॉलिसी (म्हणजे ॲडमिनने मशीनवर लावलेले नियम) असेल तर त्याने काहीच सुटत नाही आणि मशीन मात्र उघडी पडते.

आधी कोणी अडवलं ते बघा. बऱ्याचदा ते ॲपलॉकर असतं, म्हणजे कोणते प्रोग्राम चालतील हे रूल लावून ठरवणारी विंडोजची सोय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपलॉकर असं आत गेलात की ‘ईएक्सई अँड डीएलएल’ लॉग आहे. तिथे ८००४ नंबरची नोंद असेल तर काम ॲपलॉकरचं. स्क्रिप्ट किंवा एमएसआय (इन्स्टॉलर फाइल) अडलं असेल तर शेजारच्या लॉगमध्ये ८००७ सापडेल. ८००३ दिसला तर घाबरू नका, तो ऑडिट मोडचा आहे. प्रोग्राम चालला, फक्त नोंद झाली. ॲपलॉकरमध्ये काहीच नसेल तर कोड इंटिग्रिटीच्या (प्रोग्राम अडवणारी विंडोजची दुसरी सोय) ऑपरेशनल लॉगमध्ये ३०७७ शोधा, मग डिफेंडरच्या (विंडोजचा अँटीव्हायरस) लॉगमध्ये ११२१.

८००४ उघडून एक्सएमएल व्ह्यू बघाच. फाइलपाथ नीट वाचा, कारण अडलेली फाइल बऱ्याचदा तुम्ही क्लिक केलेली नसतेच; इन्स्टॉलरने टेम्प फोल्डरमध्ये उलगडलेली दुसरीच असते. मग रूल आयडी बघा. तिथे नुसती शून्यं असतील तर कोणत्याही रूलने मनाई केलेली नाही, परवानगी देणारा रूलच नाही. रूलचं नाव असेल तर तो डिनाय (मनाई करणारा) रूल आहे, आणि डिनायपुढे शंभर अलाऊ (परवानगीचे) रूल लिहिले तरी उपयोग नाही.

आता तो सापळा. ॲपलॉकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कॉन्फिगर्ड’च्या चौकटीत टिक नसली की वाटतं, हे कलेक्शन (एका प्रकारच्या फाइलींसाठीच्या रूल्सचा गट) बंद आहे. ते बंद नसतं! कलेक्शनमध्ये एक जरी रूल असला तरी टिक नसताना तो लागू होतो. आणि रूल लागू झाला की अलाऊमध्ये न बसणारं सगळं अडतं. म्हणजे कोणी एका गेमसाठी एकच डिनाय रूल केला आणि डीफॉल्ट रूल्स (विंडोजच्या फाइलींना आणि ॲडमिनला परवानगी देणारे ठरलेले रूल) तयार केलेच नाहीत, तर गेमसोबत इतर सगळे प्रोग्रामही अडतात, विंडोजचे स्वतःचेसुद्धा. टिक काढून ‘बंद केलं’ म्हणणारा माणूस मग दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो. अडवणं खरंच थांबवायचं असेल तर टिक करा आणि ‘ऑडिट ओन्ली’ निवडा.

डोमेनमधल्या (ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या) मशीनवर लोकल पॉलिसीची खिडकी बघून निष्कर्ष काढू नका. वेगवेगळ्या जीपीओंमधले (सर्व्हरवरून येणारे ग्रुप पॉलिसीचे संच) रूल एकत्र जोडले जातात, ते त्या खिडकीत दिसत नाहीत. पॉवरशेलमध्ये गेट-ॲपलॉकरपॉलिसी ही कमांड ‘इफेक्टिव्ह’ स्विचसह चालवा, म्हणजे प्रत्यक्षात काय लागू आहे ते कळेल.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर, चालेल’ असं सांगणारे सीनियर भेटतील. चालेलही, कारण डीफॉल्ट रूल ॲडमिनला सगळं उघडं ठेवतो. पण साध्या युजरची अडचण जिथल्या तिथेच राहते. चाचणी त्याच युजरच्या नावाने, पॉवरशेलच्या टेस्ट-ॲपलॉकरपॉलिसी या कमांडनेच करा.

सूट देताना पब्लिशर रूल (फाइलवरच्या कंपनीच्या डिजिटल सहीवर चालणारा) सर्वांत बरा. फाइलवर सही नसेल तर हॅश रूल (त्या नेमक्या फाइलच्या ठशावर चालणारा) करा, पण प्रत्येक अपडेटला तो नव्याने करावा लागेल. युजरला लिहिता येतं अशा फोल्डरला पाथ रूल (फाइल कुठे आहे त्यावरून परवानगी देणारा) कधीच देऊ नका. तिथे कोणीही काहीही टाकून चालवू शकतं. बदल लगेच दिसला नाही म्हणून धीर सोडू नका. ग्रुप पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी ताजी होते, वर ३० मिनिटांपर्यंत फरक पडू शकतो. जीपीअपडेट ही कमांड ‘फोर्स’ देऊन चालवलं की वाट बघावी लागत नाही.

पॉलिसी बदलायचा अधिकार तुमच्याकडे नसेल तर ॲडमिनला नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवू नका. ८००४ ची पूर्ण एक्सएमएल नोंद पाठवा: फाइलपाथ, पब्लिशर, रूल आयडी, युजर आणि वेळ, सगळं त्यातच असतं.