हिचेन्सची खतावणी कशी मांडावी

चौतीस वर्षं बँकेच्या तपासणी खात्यात काढली. माणूस गेला की त्याची वही उघडायची खोड तिथलीच. नौपाड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर ख्रिस्तोफर हिचेन्सचा, म्हणजे धर्मावर सडकून टीका करणाऱ्या त्या ब्रिटिश-अमेरिकी पत्रकाराचा विषय निघाला, तेव्हा निम्मी मंडळी यूट्यूबवरचे तुकडे पाहून आली होती. तसं करू नका. तुकड्यात समोरच्याचं उत्तर कापलेलं असतं. एक तरी वाद पुरता पाहा. २०१० सालचा टोरांटोचा पाहा, विषय धर्माने जगाचं भलं होतं का, समोर ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर. अन्ननलिकेचा कर्करोग झालेला माणूस कसा बोलतो, तेही दिसेल.

मग पुस्तकाकडे. जिथला माल आपल्या ओळखीचा, तिथून नमुना काढायचा. 'गॉड इज नॉट ग्रेट'मध्ये (२००७) पूर्वेकडच्या धर्मांवर प्रकरण आहे, त्यात पुण्याचा रजनीश आश्रम येतो. मला ते चटपटीत पण उथळ वाटलं. वारी पाहिलेल्या माणसाला त्यात फारसं काही सापडत नाही.

याउलट मदर तेरेसांवरचं १९९५चं पुस्तक. तिथे व्हाउचर आहे, म्हणजे कागदी पुरावा. लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्या चार्ल्स कीटिंगसाठी मदरनी न्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. कीटिंगने त्यांना साडेबारा लाख डॉलर दिले होते. सरकारी वकिलाने ते पैसे परत करा असं कळवलं, त्याला उत्तर गेलं नाही. पुस्तकात हे सगळं आहे. मदरच्या मनात काय होतं, हे मात्र हिचेन्सचं मत. कागद आणि मत वेगळ्या रकान्यांत लिहा.

वाद जिंकला म्हणजे समोरचा पटला, असं जमेला धरू नका. सोसायटीच्या गणपती वर्गणीवर मी एकदा हिचेन्सच्याच थाटात बोललो. टाळ्या मिळाल्या. शेजारी वर्षभर लिफ्टमध्ये माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

आणि मुख्य नियम: जमा आणि नावे एकमेकांत वळते करायचे नाहीत. सलमान रश्दींविरुद्ध १९८९मध्ये फतवा निघाला, तेव्हा हा उघडपणे त्यांच्या बाजूला उभा राहिला. ते जमेला. २००३च्या इराक युद्धाची भलामण केली आणि शेवटपर्यंत मागे घेतली नाही. ते नावे. एकाने दुसरं खोडलं जात नाही. आमच्याकडे जमेची बाजू टीकाकाराने आणि नावेची चाहत्याने लिहायची असं ठरवलं. चाहता मी. घंटाळी देवीला नेमाने जाणारी आमची सौ. टीकाकार (मी बाहेर चपला सांभाळतो).

तिने पहिली नोंद केली ती २००८ची. कैद्यांच्या चौकशीत तोंडावर फडकं टाकून पाणी ओतण्याचा तो अमेरिकी प्रकार (वॉटरबोर्डिंग) हिचेन्सने स्वतःवर करवून घेतला, काही सेकंदांत हार मानली आणि हा छळच आहे असं लिहिलं.

माझी नोंद अडली. हिचेन्सचे युद्धाच्या बाजूचे लेख वाचून प्रभावित झालेला एक तरुण अमेरिकी सैन्यात गेला आणि जानेवारी २००७मध्ये इराकमधल्या मोसुलला मारला गेला. हिचेन्स त्याच्या घरच्यांना भेटला, अस्थी विसर्जनाला गेला, त्यावर लिहिलंही. हे कुठल्या बाजूला? मी ते सस्पेन्स खात्यात टाकलं, म्हणजे कुठे धरायची ते न ठरलेली रक्कम तात्पुरती ठेवतात त्या खात्यात.

"अहो, तुमच्या बँकेत सस्पेन्सला मुदत असायची ना?" सौ. म्हणाली.

असायची. तीन रविवार झाले, रक्कम तिथेच पडून आहे.