बीट खाताय ना? मग निदान या चुका टाळा

हिमोग्लोबिन कमी आलं की घरातली कोणीतरी काकू हमखास म्हणते, "बीट खा गं, रक्त वाढतं." दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर सुरू. लोकांना आहाराबद्दल सल्ला देणं हे माझं काम आहे, त्यामुळे ही गोष्ट मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय आणि आता खरंच कंटाळले आहे. बिटावर माझा राग नाही. बीट उत्तम भाजी आहे, माझ्या फ्रीजमध्ये कायम असतं. राग आहे तो त्याचं औषध करून टाकण्यावर.

लाल आहे म्हणजे रक्त वाढवणारच

ही सगळ्यात जुनी चूक. बिटाचा रंग बीटानिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. त्याचा हिमोग्लोबिनशी काहीही संबंध नाही. हाच रंग काढून आइस्क्रीमलाही लावतात, म्हणून आइस्क्रीम खाऊन कुणाचं रक्त वाढत नाही.

लोह किती? १०० ग्रॅम बिटात साधारण ०.८ मिलिग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं बिटातून मिळवायचं तर साडेसात किलो बीट खावं लागेल, रोज. त्यातही वनस्पतींमधलं लोह शरीरात कमीच शोषलं जातं.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या, बँकेत नोकरी. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही, म्हणून आठवड्यातच त्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी बिटाचा रस आला. तोही गाळून. चोथा कुंडीतल्या झाडाला. रस संपला की लगेच चहा, म्हणजे होतं नव्हतं ते लोह शोषायलाही अडथळा. तीन महिने मोठ्या निष्ठेने हे चाललं. ऑफिसात सगळे म्हणत होते, चेहऱ्यावर तेज आलंय. पुढच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आणखी घसरलेलं. मी विचारलं, पाळी कशी आहे? "अंगावरून बरंच जातं, पण ते तर पूर्वीपासूनच." सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. बादलीला भोक होतं आणि आम्ही वरून रस ओतत होतो. तीन महिने उपचार लांबले ते या रसापायी.

तेव्हा, गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त का कमी झालं याचा शोध आधी घ्या. बीट ताटात असू द्या, वर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह बरं शोषलं जातं. चहा तासभर लांब ठेवा. बिटातून खरोखर चांगलं मिळतं ते फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व: १०० ग्रॅम कच्च्या बिटात सुमारे १०९ मायक्रोग्रॅम. नव्या रक्तपेशी तयार व्हायला ते लागतंच. काकूंचं अगदीच चुकत नाही, पण फोलेट हे लोहाच्या जागी चालत नाही.

रिकाम्या पोटी ग्लासभर रस

तीन-चार बिटं एका ग्लासात जातात, चोथ्याबरोबर तंतू जातात, उरतं ते रंगीत गोड पाणी. त्यात सफरचंद आणि गाजर घालून लोक त्याला 'डिटॉक्स' म्हणतात. शरीराला डिटॉक्स करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती सकाळी मिक्सर लागायची वाट बघत नाहीत.

रसाचा एक उपयोग मात्र खरा आहे. बिटात नायट्रेट भरपूर असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २००९ मध्ये रोज अर्धा लिटर बिटाचा रस सहा दिवस देऊन पाहिला, तेव्हा सायकल चालवणारे दमेपर्यंत सुमारे १६ टक्के जास्त वेळ टिकले. पण ते होते आठ निरोगी तरुण पुरुष. तुमच्या सासऱ्यांची बीपीची गोळी बंद करायला हा पुरावा पुरत नाही. आणि गंमत बघा, रस पिऊन दात लाल झाले म्हणून लगेच जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरणारेही मला भेटलेत. ज्या जिवाणूंनी काम करायचं, त्यांनाच मारून टाकलं!

मधुमेह असेल तर रस नकोच, कोशिंबीर बेताने चालते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच. ऑक्झलेटचे (बिटात भरपूर असणाऱ्या, खडे बनवणाऱ्या घटकाचे) मुतखडे होत असतील तर कच्चं बीट आणि रस दोन्ही टाळा. कधीतरी खायचंच झालं तर उकडून, ते पाणी फेकून देऊन, दह्याबरोबर खा. दह्यातलं कॅल्शियम बरंचसं ऑक्झलेट आतड्यातच धरून ठेवतं.

सोलून, चिरून मग उकडणं

माझा दुसरा लाडका राग. आमच्या सोसायटीत एकदा आरोग्य शिबिरानंतर जेवण होतं आणि 'हेल्दी' म्हणून बिटाची कोशिंबीर ठरली. उत्साही मंडळींनी पाच किलो बीट आधी सोललं, फोडी केल्या आणि उघड्या पातेल्यात रटरटवलं. लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडाही. गडद लाल पाणी सिंकमध्ये ओतलं. फोलेट पाण्यात उतरतं, नायट्रेट उतरतं, रंग तर उतरतोच. सोड्याने उरलेला रंग मळकट झाला. मग सकाळी दहालाच मीठ आणि दही घालून ठेवलं. दीड वाजता पानात वाढलं ते गुलाबी पाण्यात तरंगणारे लिबलिबीत तुकडे. पहिल्याच पंगतीत पातेलं तसंच परत आलं, आणि वर निष्कर्ष काय, तर "मुलांना बीट आवडतच नाही."

मुंबईत कोणत्याही सँडविचवाल्याच्या गाडीवर बघा. काकडी-टोमॅटोशेजारी बिटाच्या चकत्या असतात, गडद आणि कडक. त्याला पोषणशास्त्र माहीत नसेल, पण बीट सालासकट अख्खं उकडायचं आणि चिरायचं ते गार झाल्यावर, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

मी मुठीत मावतील अशी लहान बिटं घेते. मोठी बिटं आतून दोरकट निघतात. स्वच्छ धुवायची, शेपूट कापायचं नाही, देठ दोन बोटं ठेवायचा. कुकरच्या डब्यात पाणी न घालता ठेवून चार शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्यायची. लोक इथेच घाई करतात, शिट्टी उचलून वाफ काढतात आणि मग आत कच्चं राहिलं म्हणून तक्रार करतात. गार झाल्यावर साल नुसत्या अंगठ्याने सुटतं.

कोशिंबिरीला हे बीट किसायचं, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, चिमूटभर साखर आणि वरून तूप-जिरं-हिंगाची फोडणी. दही आणि मीठ पानं घेताना. आधी नाही म्हणजे नाही.

बाकीच्या किरकोळ चुका

लघवी लाल झाली म्हणून घाबरणं: साधारण दहा-चौदा टक्के लोकांना बीट खाल्ल्यावर असं होतं, लोह कमी असलेल्यांना जास्त. एक-दोन दिवसांत जातं. बीट न खाता लाल झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मातकट वास येतो म्हणून बीट सोडून देणं: तो वास जिओस्मिनचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच. लिंबू, चिंच किंवा आमसूल घातलं की बराच मरतो.

पराठ्याचा रंग तव्यावर तपकिरी होतो म्हणून खायचा रंग घालणं: कृपा करून नको. पिठात लिंबू पिळा, पराठा फार वेळ भाजत बसू नका.

हलव्याला 'पौष्टिक' म्हणणं: तूप-साखर-खवा घातलेला हलवा हा हलवाच असतो. मजेत खा, पण रिपोर्टशी त्याचा संबंध जोडू नका.

आणि पाला फेकणं. भाजीवाली विचारते, "पाला तोडू का ताई?" आणि आपण मान डोलावतो. कंदापेक्षा पाल्यात लोह आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतात. (ऑक्झलेटही जास्त असतं, मुतखडेवाल्यांनी लांब राहावं.) घरी आणल्यावर पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढतो आणि बीट मऊ पडतं. दुसऱ्या दिवसापर्यंत भाजी करून टाका: लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, बारीक चिरलेला पाला देठांसकट, झाकण ठेवून दहा मिनिटं. वरून ओलं खोबरं. गरम भाकरीबरोबर खा.