सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करताय? हिऱ्याला भुलण्याआधी या चुका टाळा

"मॅडम, हिरा डावीकडे आलाय. झालं ना?"

थीसिस जमा करायच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरवून शोधणं आणि जमलं तर त्यांची बेरीज करणं. ती बेरीज दाखवणारा आलेख म्हणजे फॉरेस्ट प्लॉट: प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ (जितकी लांब तितकी अनिश्चितता) आणि तिच्यावर त्याच्या वजनाएवढा चौकोन. हिरा म्हणजे त्याच्या तळाशी असलेला शंकरपाळ्यासारखा आकार, सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज. मृत्यूचा हिशेब मांडला असेल आणि हिरा मधल्या, म्हणजे 'काहीच फरक नाही' या रेषेच्या डावीकडे पडला, तर औषध जिंकलं असा त्याचा अर्थ. पण हिरा बिचारा टायपिंगच्या चुकीनेही सरकतो, म्हणून मी आधी एक्सेल उघडायला लावते.

तिथे सगळ्यात जास्त सापडणारी चूक म्हणजे स्टँडर्ड एररला (सरासरी किती अचूक आहे याचं माप) स्टँडर्ड डेव्हिएशन किंवा एसडी (माणसामाणसांतला फरक किती याचं माप) समजणं. पेपरात लिहिलेलं असतं, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन १०.४ ± ०.२. मुलं ०.२ उचलून एसडीच्या रकान्यात टाकतात. अरे, गटातल्या ६४ बायकांचं हिमोग्लोबिन एवढं एकसारखं कसं असेल? एरवी हा आकडा एक-दीडच्या आसपास असतो. म्हणजे ०.२ हा स्टँडर्ड एरर. त्याला ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने गुणा. १.६ आलं की जीव भांड्यात पडतो. दोन्ही गटांत ही चूक तशीच राहिली, तर बेरजेच्या साध्या फिक्स्ड इफेक्ट पद्धतीत (सगळ्या अभ्यासांत परिणाम एकच धरणारी) त्या एका अभ्यासाचं वजन ६४ पट फुगतं आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे फरपटतात. ओळखायची खूण सोपी आहे. रुग्ण थोडे, रेघ मात्र अगदी आखूड आणि चौकोन भलामोठा दिसला की मूळ तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा.

दुसरी चूक मतमोजणीची. "सातपैकी पाच अभ्यासांत फरक सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) नाही, म्हणून औषध निरुपयोगी." असं लिहिणाऱ्याला मी कोक्रेन या सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मूळ बोधचिन्ह बघायला सांगते. त्यात सात आडव्या रेघा आहेत. वेळेआधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, या प्रश्नावरच्या या सात चाचण्या. मधल्या उभ्या रेषेपासून स्पष्ट अलग अशा दोनच रेघा आहेत. हात वर करून मोजलं असतं तर औषध पडलं असतं. एकत्र केल्यावर मात्र हिरा ठाम डावीकडे येतो. न्यूझीलंडमधली पहिली चाचणी १९७२ साली छापून आली. पद्धतशीर बेरीज व्हायला १९८९ उजाडलं. मधल्या काळात हे स्वस्त इंजेक्शन न मिळाल्याने किती बाळं गेली असतील, याचा विचार करून बघा.

शोध एकाच डेटाबेसात घेणं, सर्चची तारीख न लिहिणं, प्रोटोकॉल (कामाचा आधी ठरवायचा आराखडा) निकाल बघून मग नोंदवणं, या चुका गाइड पकडतोच. त्यावर वेळ घालवत नाही.

जे छापलंच नाही त्याचं काय, हा प्रश्न मात्र गाइडही विसरतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने पुणं तोंडाला मास्क बांधून फिरत होतं आणि प्रत्येकाला टॅमिफ्लू ही फ्लूवरची गोळी हवी होती. त्याच वर्षी केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञाने कोक्रेनला एक सरळ शंका विचारली. या गोळीने गुंतागुंत कमी होते असं तुम्ही म्हणता, पण तुमचा आधार तर कंपनीच्या दहा चाचण्यांची बेरीज करणारा एक पेपर, आणि त्यातल्या आठ चाचण्या कुठे पूर्ण छापलेल्याच नाहीत. मग संपूर्ण अहवाल मिळवायला काही वर्षं भांडावं लागलं. २०१४ मध्ये नवा रिव्ह्यू आला. मोठ्या माणसांची लक्षणं ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत हटली. इस्पितळात भरती होणं कमी झाल्याचं दिसलं नाही, मळमळ-उलट्या मात्र वाढल्या. तुमच्या थीसिसला कंपनीचे अहवाल मिळणार नाहीत, कबूल. पण सीटीआरआयसारख्या (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदवहीत जाऊन किती चाचण्या नोंदवल्या आणि त्यातल्या किती छापल्या, एवढं तर मोजता येतं.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी चूक. हिरा खरा, आकडे खरे, तरीही निष्कर्ष चुकीचा. त्यासाठी पुन्हा त्या स्टिरॉइडकडेच यावं लागतं.

आधीच्या बहुतेक चाचण्या सुसज्ज इस्पितळांतल्या. मग हेच इंजेक्शन गावपातळीपर्यंत नेलं तर? २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सहा देशांतल्या सुमारे एक लाख जन्मांची चाचणी आली. भारतातली तिची केंद्रं होती बेळगाव आणि आपलं नागपूर. बाळ किती आठवड्यांचं हे नक्की माहीत नसेल तिथे पोटाची उंची टेपने मोजून अंदाज बांधला जाई. बेरीज-वजाबाकी उलटी निघाली. सगळ्या बाळांचा विचार केला तर दर हजारी २३.९ ऐवजी २७.४ नवजात दगावले. इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच जणींची बाळं लहान नव्हतीच, आणि लहान बाळांच्या आयांमध्ये संसर्गाचा संशय जास्त आढळला. औषध तेच होतं. आठवड्यांची खात्री आणि बाळाला सांभाळणारी व्यवस्था जुन्या चाचण्यांत होती, इथे ती सगळीकडे नव्हती.

मग डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ इस्पितळांत नवी चाचणी घेतली. या वेळी आठवडे सोनोग्राफीने ठरवले. २०२० चा निकाल: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळालेल्या गटात १९.६ टक्के नवजात दगावले, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. हिरा पुन्हा डावीकडे.

म्हणून डिस्कशनच्या प्रकरणात "स्टिरॉइड उपयुक्त आहे" एवढंच लिहिलेलं आलं, की मी लाल पेनने शेजारी खुणा करते. आठवडे कशाने मोजले? आईला संसर्ग होता का? जन्मल्यावर बाळाला श्वासाचा आधार कुठे मिळाला? तक्त्यात या तीन गोष्टींचे रकाने नसतील, तर पीडीएफ पुन्हा उघडायच्या. कंटाळवाणं आहे, पण साधारण दोन रविवारांचं काम.