होमब्रू आरपीजी रचताना: आधी फासे, मग नकाशा

नवखा माणूस स्वतःची (म्हणजेच होमब्रू) आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ, रचायला बसला की आधी नकाशा काढतो, मग राजघराणी, मग हजार वर्षांचा इतिहास. त्यातलं फारच थोडं टेबलावर येतं. त्यापेक्षा एकच वाक्य लिहा: या जगात खेळाडू पुन्हापुन्हा काय करणार? समजा, मिठाच्या वाळवंटातून तांडा पलीकडे न्यायचाय. मग नियम हवेत ते पाण्याचे, वाटेचे आणि तांड्यातल्या भांडणांचे. तलवारीचे बारा प्रकार इथे निव्वळ अडगळ.

मग फासे. सहा बाजूंचे दोन फासे एकदम टाकले की 36 शक्यता होतात. बेरीज 10 किंवा जास्त आली तर काम फत्ते, 7 ते 9 आली तर काम होतं पण काहीतरी गमवावं लागतं, 6 किंवा कमी आली तर फसलं. या तिन्हींच्या वाट्याला अनुक्रमे 6, 15 आणि 15 शक्यता येतात. म्हणजे फसण्याची शक्यता जवळपास 42 टक्के. +1 मॉडिफायर (पात्राच्या कौशल्यासाठी बेरजेत मिळवायचा आकडा) दिला की ती 28 वर येते, +3 ला जेमतेम 8 वर. त्यापुढे फासे टाकण्यात गंमतच उरत नाही, म्हणून +3 ला थांबा. वीस बाजूंच्या एका फाशावर मात्र +1 म्हणजे फक्त 5 टक्क्यांचा फरक. एका सिस्टिममधले आकडे उचलून दुसरीत चिकटवले की खेळ बिघडतो तो यामुळेच.

आता हे गणित जगाला जोडा. वाटाडा रोज एकदा फासे टाकतो; रोज एक पखाल पाणी लागतं आणि फासे फसून वाट चुकली की आणखी एक. मॉडिफायर नसलेल्या वाटाड्याला 10 पखाली सरासरी 7 दिवस पुरतात. +1 वाल्याला जवळपास 8. वाट 7 दिवसांची ठेवली की चांगला वाटाडा सोबत असण्याला खरी किंमत येते.

लढाईत सगळ्यात जास्त घोळ चिलखताचा. शत्रूला 20 प्राण (संपले की तो मेला), खेळाडू चार, वार लागण्याची शक्यता निम्मी, डॅमेज, म्हणजे एका वारात जाणारे प्राण, सहा बाजूंचा एक फासा: दर फेरीत सरासरी 7 प्राण जातात, तीन फेऱ्यांत निकाल. त्याच शत्रूला 2 डॅमेज अडवणारं चिलखत घाला, की सरासरी 3.3 वर येते आणि लढाई सहा फेऱ्या चालते. फेरीला दहा मिनिटं धरली तर अख्खा तास. नवख्याला ‘2’ किरकोळ वाटतो!

अनुभवाचे गुण कशाला देता तेही तपासा. मारल्याबद्दल दिलेत, तर खेळाडू तांडा सोडून मारामारीच शोधतील.

पहिली चाचणी दोन पानी नियम, तयार पात्रं आणि एकाच प्रसंगावर, दोन तासांची. नियम पाहायला कोण कुठे थांबलं, तेवढं टिपा. दुसऱ्या वेळी गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, दुसऱ्या कुणाला करा आणि स्वतः गप्प बसा. तुमच्या डोक्यात असलेले पण कागदावर न उतरलेले नियम तेव्हाच सापडतात. दोन चाचण्यांच्या मध्ये एकच आकडा बदला, आणि प्रत्येक कॅरेक्टर शीटवर (पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदावर) आवृत्ती क्रमांक टाका. नाहीतर एकजण जुनं चिलखत घालून खेळत असतो.