हॅश टेबलवरील फेरीच्या मॅक्रोतून जादा पॅरामीटर कसा काढावा

लिनक्स कर्नलमधील हॅश टेबलची प्रत्येक बकेट (म्हणजे नोंदींचा एक कप्पा) सहसा 'एचलिस्ट' असते, म्हणजे पॉइंटरांनी जोडलेल्या नोडांची यादी; प्रत्येक नोड हा नोंदीच्या स्ट्रक्चरमधील एक सदस्य असतो. तिच्या हेडमध्ये एकच पॉइंटर असल्यामुळे रिकाम्या बकेटांवर खर्ची पडणारी मेमरी निम्म्यावर येते. मात्र ही यादी चक्राकार नसते, ती नलवर (कशाकडेही न दाखवणाऱ्या पॉइंटरवर) संपते, आणि नलमधून ऑफसेट (स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून नोडपर्यंतचे अंतर) वजा करून मिळणारा स्ट्रक्चरचा पत्ता सहसा नल नसतो. म्हणूनच शेवट ओळखण्यासाठी यादीतील नोंदींवर फेरी मारणाऱ्या 'एचलिस्ट_फॉर_ईच_एंट्री' या मॅक्रोला पूर्वी वेगळा नोड पॉइंटर द्यावा लागत असे. २०१३ मधील कर्नलच्या ३.९ आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. फोंड्यातील आमच्या अभ्यासगटात काहींच्या मॉड्यूलमध्ये अजून त्याच जुन्या घडणीचे मॅक्रो आहेत. त्यांच्यासाठी ही पद्धत.

मॅक्रोला हात लावण्याआधी तो जिथे जिथे वापरला आहे ती प्रत्येक जागा वाचावी. बहुतेक ठिकाणी नोड हा नुसता घोषित करून मॅक्रोला दिलेला आढळेल, पण काही ठिकाणी लूप संपल्यावर 'नोड नल आहे का' असे पाहून नोंद सापडली की नाही ते ठरवलेले असते, तर क्रमवार यादीत नवी नोंद घालताना त्याच नोडच्या आधारे जागा ठरवलेली असते. नलची तपासणी असेल तिथे ती नोंदीच्या पॉइंटरवर न्यावी, नवी नोंद घातली जात असेल तिथे नोंदीतील सदस्य नोडचा पत्ता वापरावा.

आता मुख्य काम. नोड नल असेल तर नल, नाहीतर स्ट्रक्चरचा पत्ता देणारा छोटा मॅक्रो लिहावा. कर्नलमध्ये त्याला 'एचलिस्ट_एंट्री_सेफ' म्हणतात. फेरीच्या मॅक्रोत तो वापरला की यादी संपताच नोंदीचा पॉइंटरच नल होतो आणि वेगळा नोड लागत नाही. त्यात आर्ग्युमेंट आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेणे अत्यावश्यक आहे. कर्नलमधील पहिल्या रूपात ते दोनदा वाचले जात होते. आरसीयूखाली (कुलूप न लावता वाचन चालू असतानाच इतरांना यादी बदलू देणाऱ्या यंत्रणेत) पहिल्या वाचनाला वैध असलेला पॉइंटर दुसऱ्या वाचनापर्यंत नल झालेला असू शकतो, आणि मग नलची तपासणी असूनही हाती भलताच पत्ता येतो. ही चूक त्याच वर्षी दुरुस्त झाली.

'एचलिस्ट_फॉर_ईच_एंट्री_सेफ' या फेरीच्या मॅक्रोतील तात्पुरता पॉइंटर मात्र काढू नये. लूपच्या आतच नोंद मुक्त होणार असेल तर पुढचा नोड आधी राखून ठेवावाच लागतो.

संपूर्ण टेबलावर फिरणाऱ्या 'हॅश_फॉर_ईच'मध्ये दोन लूप एकात एक असतात, त्यामुळे साध्या 'ब्रेक'ने फक्त आतला थांबेल अशी शंका येते. बाहेरच्या लूपच्या अटीत 'नोंद नल असेल तरच पुढे' असे लिहून हा पेच सोडवलेला आहे, आणि तो माझ्या मते या मॅक्रोंच्या हेडर फाइलमधील सर्वांत देखणा भाग आहे. तरीही 'ब्रेक'नंतर बकेटचा क्रमांक वापरू नये, कारण तोवर तो एकाने वाढलेला असतो.

पॅरामीटरांची संख्या बदलत असल्याने मॅक्रो आणि त्याचे सर्व वापर एकाच कमिटमध्ये बदलावेत. अन्यथा मधल्या कमिटवर बिल्ड मोडेल आणि बायसेक्ट (चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली ते निम्म्या-निम्म्याने शोधणे) निरुपयोगी होईल. वापर पुष्कळ असतील तर कॉक्सिनेल या सी कोड आपोआप बदलणाऱ्या साधनासाठी सिमँटिक पॅच (बदलाचा नियम) लिहावा आणि त्याला न जमलेल्या जागा हाताने सुधाराव्यात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा आधी केवळ संबंधित डिरेक्टरी बिल्ड करून न वापरलेल्या व्हेरिएबलांच्या वॉर्निंग पाहाव्यात: उरलेला प्रत्येक नोड पॉइंटर तिथेच सापडतो.