समुद्री गेममधल्या कॉम्प्युटरला माघार घ्यायला कसं शिकवायचं

समुद्री स्ट्रॅटेजी गेम बनवायला घेतला की सगळा जीव जहाजांच्या चित्रात आणि तोफांच्या आवाजात जातो, आणि समोरून खेळणारा कॉम्प्युटर शेवटी कसाबसा उरकला जातो. मग तो काय करतो, जहाज बनलं की पाठव, बुडलं की दुसरं पाठव. माझा भाचा कोपरखैरण्याला असतो, आठवीत आहे, परवा मोबाइलवरचा असलाच एक गेम खेळता खेळता म्हणाला, "मामा हे बघ ना, याची चार जहाजं इथेच बुडाली आणि आता पाचवं पण इथूनच येतंय." दोन मिनिटांत त्याने गेम काढून टाकला. पोराला सोपा गेम नको असतो, समोर कोणीतरी डोकं चालवतंय असं वाटायला हवं असतं.

आम्ही ऐरोलीतले तिघंजण मिळून असा एक टर्नवाला (एकदा याची खेळी, एकदा त्याची) गेम करतोय, नकाशा ठाण्याच्या खाडीपासून पार अलिबागजवळच्या खांदेरी बेटापर्यंत, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय की आधी माघार लिहायची आणि हल्ला नंतर. माघार घेता येणारा कॉम्प्युटर नेमबाजीत मध्यम असला तरी खेळणाऱ्याला घाम फोडतो.

याचं उदाहरण आपल्याच दारात आहे. १६७९ मध्ये खांदेरीवर शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारीने किल्ल्याचं काम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं आणून उभी केली. ऑक्टोबरात मोठी लढाई झाली त्यात इंग्रजांचं डोव्हर नावाचं गुराब (तोफांचं शिडाचं जहाज) मराठ्यांच्या हाती लागलं, पण रिव्हेंज ही त्यांची मोठी फ्रिगेट एकटीच तोफा चालवत उभी राहिली, तिने काही गलबतं बुडवली, तेव्हा मराठी आरमार ईर्षेला न पेटता नागोठण्याच्या खाडीकडे उथळ पाण्यात निघून गेलं जिथे रिव्हेंजला येताच येत नव्हतं. पुढे छोट्या होड्या रात्री गुपचूप सामान पोचवत राहिल्या आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समझोता केला, किल्ला मराठ्यांकडेच राहिला. आता हेच सगळं कोडमध्ये कसं आणायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरचे डोळे बांधा. त्याला पूर्ण नकाशा दिसत असेल तर बाकी कितीही चांगलं लिहा, खेळणाऱ्याला चार टर्नमध्ये कळतं की हा चीटिंग करतोय. प्रत्येक बाजूची वेगळी यादी ठेवा, त्यात शत्रूचं जहाज शेवटचं कुठे दिसलं आणि कितव्या टर्नला दिसलं एवढंच. मग जहाजाचा स्पीड टर्नला २ घरं (नकाशाचे चौकोन) असेल आणि दिसून ३ टर्न झाले असतील तर ते आता ६ घरांच्या आत कुठेतरी आहे, त्यातून जमीन वगळा, आत्ता आपल्या टेहळणीच्या नजरेत असलेली रिकामी घरं वगळा, उरलं ते संशयाचं पाणी. कॉम्प्युटरने शोध तिथेच घ्यायचा. आणि लांबून दिसलेल्या जहाजाची पूर्ण माहिती त्याला देऊ नका, फक्त मोठं की छोटं एवढं कळू दे, नक्की प्रकार ३ घरांच्या आत आल्यावरच. मग तो कधीकधी चुकेल, चुकू दे, खरे ॲडमिरलसुद्धा चुकलेत, २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या सामार बेटाजवळ जपानच्या ॲडमिरल कुरिताकडे यामाटोसारखी युद्धनौका होती, समोर अमेरिकेची छोटी एस्कॉर्ट कॅरिअर (विमानवाहू जहाजं) आणि डिस्ट्रॉयर, पण त्याला वाटलं ही मोठी कॅरिअर आहेत आणि शेवटी तो परत फिरला. अशी चूक गेममध्ये घडली की खेळणाऱ्याला ती आयुष्यभर लक्षात राहते.

दुसरं म्हणजे लढायचं की नाही हे ठरवणारं गणित. इथे बहुतेक जण जहाजं मोजतात, पाच विरुद्ध सहा म्हणजे जवळपास सारखंच, चल लढू. तसं नसतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने दाखवून दिलं की जिथे सगळे सगळ्यांवर लांबून मारा करू शकतात तिथे ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची. म्हणजे आपली ५, वर्ग २५, समोरची ६, वर्ग ३६, फरक ११, त्याचं वर्गमूळ साधारण ३.३, म्हणजे आपण सगळे बुडणार आणि त्यांची तीन-साडेतीन उरणार. वाईट सौदा आहे. पण तीच सहा जर तीन-तीनच्या दोन तुकड्यांत फुटली असतील तर मजा बघा, २५ वजा ९ म्हणजे १६, पहिली तुकडी संपवून आपली ४ उरतात, मग ४ विरुद्ध ३, १६ वजा ९ म्हणजे ७, आपण जिंकतो आणि अडीचएक जहाजं हातात राहतात. जहाजं तीच, फक्त वाट बघितली. म्हणून कॉम्प्युटरला प्रश्न असा घालायचा की "समोरचे आत्ता एकत्र आहेत का, आणि पुढच्या दोन-तीन टर्नमध्ये एकमेकांच्या मदतीला पोचू शकतात का". पोचू शकत असतील तर मागे हो, त्यांना पाठलाग करू दे, पाठलागात वेगवान जहाजं पुढे आणि जड मागे अशी फूट आपोआप पडते, तेव्हा वळ. सगळी जहाजं सारखी नसतातच, तेव्हा संख्येच्या जागी तोफा आणि उरलेलं बळ धरून आकडा काढा. फक्त एक लक्षात ठेवा, गलबतं भिडवून हातघाईची लढाई असेल तर एका वेळी एकाला एकच भिडतो, तिथे वर्ग लावायचा नाही, साधी वजाबाकी.

आता माघार कुठे घ्यायची, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण आपली खाडी इथे कामाला येते. बरेच गेम माघार म्हणजे "शत्रूपासून लांब जा" एवढंच लिहितात, मग जहाज नकाशाच्या कोपऱ्यात जाऊन अडकतं आणि मरतं. प्रत्येक घराला पाण्याची खोली द्या, प्रत्येक जहाजाला किमान किती पाणी लागतं ते द्या, आणि माघारीची जागा म्हणजे जिथे मला पुरेल पण पाठलाग करणाऱ्याला पुरणार नाही एवढं पाणी. यात भरती-ओहोटी घातलीत तर गेम कुठच्या कुठे जातो. चेंदणी कोळीवाड्यातले एक काका आम्हाला सांगत होते की उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) जिथून होडी आरामात जाते तिथेच भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत भरतीलासुद्धा होडी टेकते, ते आम्ही जसंच्या तसं घेतलं. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास, आमचा एक टर्न म्हणजे एक तास, त्यामुळे दर सहा टर्नला पाणी फिरतं. रस्ता शोधायला ए-स्टार ही सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता काढणारी पद्धतच वापरा, १९६८ पासूनची आहे आणि अजून तिच्यावर भागतं, पण एक बदल करा, घरात आत्ता पाणी किती हे न बघता मी तिथे ज्या टर्नला पोचेन तेव्हा किती असेल हे बघा. नाहीतर कॉम्प्युटरची अख्खी तुकडी ऐरोलीच्या पुलाच्या वरच्या अंगाला चिखलात रुतून बसेल. शिडाची मोठी जहाजं वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाहीत, चौकोनी शिडवाल्यांना वाऱ्यापासून साधारण ६७ अंश तरी लांब राहावं लागतं, वल्ह्याच्या गलबतांना ही अडचण नाही, वारा पडला की त्यांचंच राज्य, तेव्हा वारा पडलेल्या टर्नला कॉम्प्युटरच्या गलबतांना मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूने जायला लावा कारण तिथे तोफा कमी असतात.

माघार एकट्याने घ्यायची नाही. पहिल्या महायुद्धात जटलंडच्या समुद्री लढाईत ३१ मे १९१६ ला जर्मनांच्या ॲडमिरल शीअरने अख्खी रांग एकदम फिरवली म्हणून त्याचं आरमार वाचलं. एकेक करून जहाजं वळली तर पहिलं सुटतं आणि मागची सापडतात. तुकडीचा निर्णय एक, आणि सगळ्यात वेगवान जहाज शेवटी.

मग येतो तो वैताग जो प्रत्येकाला येतो. या टर्नला आकडा खाली म्हणून माघार, पुढच्या टर्नला थोडा वर म्हणून हल्ला, परत माघार, जहाज ठाणे-वाशी लोकलसारखं नुसतं इकडून तिकडे. उपाय सोपा आहे, जायचा आणि यायचा आकडा वेगळा ठेवा. आपला वर्ग भागिले त्यांचा वर्ग ०.७ च्या खाली गेला की माघार, पण परत लढायला १.२ च्या वर जायला हवा, आणि एकदा ठरवलं की निदान ३ टर्न ते बदलायचं नाही. हे आकडे आमच्या नकाशाला बसले, तुमच्याकडे थोडे हलवून बघा.

डिफिकल्टीबद्दल थोडक्यात. सिव्हिलायझेशन ६ या स्ट्रॅटेजी गेममध्ये डेइटी या सगळ्यात अवघड लेव्हलला कॉम्प्युटर सुरुवातच ३ सेटलर (नवीन शहर वसवणारे) घेऊन करतो, मोठ्या नकाशावर चालून जातं ते, पण छोट्या समुद्री गेममध्ये फुकटची जहाजं लगेच डोळ्यात येतात. त्यापेक्षा सोप्या लेव्हलला टेहळणी कमी करा, आठवण लवकर पुसा, ०.७ चा ०.४ करा म्हणजे तो उशिरा माघार घेईल. अवघड लेव्हलला याच्या उलट.

टेस्टिंग करताना प्रत्येक निर्णयाचं कारण एका ओळीत फाइलमध्ये लिहून ठेवायची सवय लावा, "टर्न १४, माघार, आकडा ०.६१, जागा नागोठणे खाडी, पाणी ५ टर्न पुरेल" असं. मग रात्री दोन कॉम्प्युटर एकमेकांशी खेळायला सोडून झोपा, बाजू बदलून परत खेळवा, आणि सकाळी जिंकलं कोण ते शेवटी बघा, आधी ते गेम उघडा जे संपलेच नाहीत. दोघंही आपापल्या उथळ पाण्यात बसून राहिले असतील तर त्यांना बाहेर यायला कारण हवंय, मालाची गलबतं, तहान लागलेला किल्ला, संपत आलेला दारूगोळा, काहीतरी, आणि ते कारण आकड्यात धरा म्हणजे वेळ जाईल तसा १.२ चा उंबरठा हळूहळू खाली येईल.