टॉरेंट लावलं की नेट गायब: माझा अनुभव

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाईल टॉरेंटवर, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी फाईल उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लावली की थोड्याच वेळात घरातलं सगळं नेट बसायचं. राउटरचे दिवे हिरवे, वायफायची रेंज फुल, पण मोबाईलवरून साधा मेसेज जाईना. राउटर बंद-चालू केला की ठीक. टॉरेंट बंद असताना मात्र एकदाही नेट गेलं नाही, म्हणजे लाईनमध्ये दोष नव्हता.

टॉरेंट एकाच वेळी शेकडो कनेक्शन उघडतं. प्रत्येकाची नोंद राउटर ठेवतो; ते टेबल भरलं की नव्या कनेक्शनला जागाच उरत नाही. टॉरेंट सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एकूण कनेक्शनची मर्यादा ५०० होती, ती १०० केली. अपलोडला मर्यादाच नव्हती. स्पीड टेस्टमध्ये दिसलेल्या अपलोडच्या ७० टक्क्यांवर ती बांधली. माझ्या मते हेच जास्त महत्त्वाचं, कारण अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही (डेटा मिळाल्याचे समोरच्याला जाणारे छोटे संदेश) अडकतात. आता फाईल उतरत असतानाही आईचा व्हिडिओ कॉल तुटत नाही.